एका देशात प्रशिक्षण, दुसऱ्या देशात नोकरी: हवाई वाहतूक नियंत्रकाचा परवाना सीमेपलीकडे कितपत चालतो?

नवशिका (प्रश्न)

नमस्कार मंडळी,

प्रश्न लांबलचक आहे, पण परिस्थिती पूर्ण सांगितल्याशिवाय नेमके उत्तर मिळणार नाही, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

मी युरोपीय संघातील एका देशात, एका खासगी संस्थेत, स्वतःच्या खर्चाने हवाई वाहतूक नियंत्रणाचे प्रारंभिक प्रशिक्षण घेतले. आधी मूलभूत अभ्यासक्रम आणि मग विमानतळ नियंत्रणाचे, म्हणजे टॉवरचे, रेटिंग (त्या प्रकारच्या कामाच्या पात्रतेची परवान्यावरची नोंद) असे दोन्ही टप्पे पार पडल्यावर तिथल्या नियामकाने मला विद्यार्थी नियंत्रकाचा परवाना दिला. इंग्रजीच्या चाचणीत पाचवी पातळी मिळाली आहे आणि तिसऱ्या वर्गाचे वैद्यकीय प्रमाणपत्रही हातात आहे. परवाना मिळून आठ महिने झाले. या आठ महिन्यांत मी खऱ्या टॉवरमध्ये एक तासही काम केलेले नाही, कारण जिथे शिकलो तिथे नोकरी करण्याचा हक्क मला नाही. विद्यार्थी व्हिसाची मुदत संपली आणि मला परत यावे लागले.

प्रवेश घेताना संस्थेच्या प्रतिनिधीने मला सांगितले होते की, हा परवाना आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या, म्हणजे इकाओच्या, निकषांना धरून असल्यामुळे तिच्या १९३ सदस्य देशांपैकी कुठेही तो दाखवता येतो. ‘दाखवता येतो’ आणि ‘चालतो’ यांतला फरक तेव्हा माझ्या लक्षात आला नाही. आता आखाती देशांच्या जाहिराती पाहतो तर त्या वैध रेटिंग आणि प्रत्यक्ष अनुभव मागतात, कॅनडा नागरिकत्व किंवा कायम वास्तव्याचा हक्क मागतो, आणि एका ठिकाणच्या अर्जात तर परवान्याच्या प्रकारांच्या यादीत विद्यार्थी परवाना हा पर्यायच नव्हता. आजवर सतरा अर्ज केले. चार ठिकाणांहून नकार आला. बाकीच्यांकडून साधी पोचही आली नाही.

मला तीन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. एक म्हणजे, वैमानिकाचा परवाना दुसऱ्या देशात रूपांतरित करून घेता येतो तसा नियंत्रकाचा घेता येतो का? दुसरे, माझ्यासारख्याने, म्हणजे प्रशिक्षण आहे पण अनुभव नाही अशाने, नेमका कुठे अर्ज करावा? आणि तिसरे, हा विद्यार्थी परवाना नुसता पडून राहिला तर त्याचे काय होते? ज्यांनी प्रत्यक्ष एका देशातून दुसऱ्या देशात जाऊन काम केले आहे, त्यांनी कृपया लिहावे. कटू असले तरी चालेल.

रात्रपाळी

मी दोन देशांत मिळून चौदा वर्षे हे काम केले आहे, आधी टॉवर आणि नंतर अप्रोच, म्हणजे विमानतळाकडे येणाऱ्या आणि तिथून निघालेल्या विमानांचे नियंत्रण. तुम्ही कटू चालेल म्हणालात, म्हणून आडवळण न घेता लिहितो.

वैमानिकाशी तुलना इथे लागू पडत नाही, आणि त्याचे कारण १९४४ च्या शिकागो करारातच आहे. त्या कराराचे ३३ वे कलम परस्पर मान्यतेविषयी आहे, परंतु ते विमानाच्या नोंदणीला बांधलेले आहे: ज्या देशात विमानाची नोंदणी आहे त्या देशाने दिलेले उड्डाणयोग्यतेचे प्रमाणपत्र आणि चालकवर्गाचे परवाने इतर सदस्य देशांनी ग्राह्य धरायचे. हे नसते तर प्रत्येक सीमेवर वैमानिक बदलावा लागला असता. नियंत्रक मात्र सीमा ओलांडत नाही. तो एका देशाच्या जमिनीवर बसून त्याच देशाने सोपवलेले आकाश सांभाळतो, त्यामुळे त्याच्या परवान्याला दुसऱ्या देशाने मान्यता द्यावी अशी सक्ती कुणावरही नाही. परक्या परवान्याला मान्यता देण्याची मुभा इकाओच्या पहिल्या परिशिष्टात आहे, पण ती द्यायची की नाही आणि दिली तर कोणत्या अटींवर, हे तो देश ठरवतो. तुमच्या संस्थेचा प्रतिनिधी १९३ देशांचा आकडा बरोबर सांगत होता. त्या आकड्याचा तुमच्या परवान्याशी लावलेला संबंध मात्र चुकीचा होता.

आता दुसरी बाब, जी तुम्हाला अधिक झोंबेल. इकाओच्या व्याख्येनुसार तुमच्या हातात जे आहे तो अजून नियंत्रकाचा परवानाच नव्हे. त्याच पहिल्या परिशिष्टात परवान्यासाठी किमान २१ वर्षे वय आणि देखरेखीखाली खऱ्या वाहतुकीचे किमान तीन महिने समाधानकारक काम, अशा अटी आहेत. रेटिंगसाठी त्यावर आणखी तास लागतात: टॉवरसाठी किमान ९० तास किंवा एक महिना, यांपैकी जे जास्त असेल ते, अप्रोच किंवा एरियासाठी (विमानतळांपासून दूरच्या मार्गांवरील विमानांचे नियंत्रण) १८० तास किंवा तीन महिने. सिम्युलेटरवर कितीही चांगले काम केले तरी ही अट त्यातून पूर्ण होत नाही. युरोपचा विद्यार्थी परवाना २०१५/३४० या नियमावलीतून येतो आणि तो फक्त एवढीच परवानगी देतो की प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली खऱ्या पोझिशनवर बसून तुम्ही युनिटचे, म्हणजे एखाद्या प्रत्यक्ष टॉवरचे किंवा नियंत्रण केंद्राचे, प्रशिक्षण घ्यावे. ते संपले, मूल्यमापन पार पडले, की त्या विशिष्ट युनिटचे एंडॉर्समेंट, म्हणजे तिथे काम करण्याची परवान्यावरची नोंद, मिळते आणि मग पूर्ण परवाना. पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही, आणि तुम्हाला पाण्यात उतरवणारे युनिट अजून मिळालेले नाही.

हा परवाना युरोपीय संघाच्या सदस्य देशांत परस्पर मान्य आहे, हे खरे. एका सदस्य देशात शिकून दुसऱ्यात नोकरी मिळाली, तर तिथला नियामक परवाना बदलून देतो. परंतु तिथे काम करण्याचा हक्क वेगळा मिळवावा लागतो, आणि नेमके तेच तुमच्याकडे नाही. ब्रिटन १ जानेवारी २०२१ पासून या व्यवस्थेबाहेर आहे, त्यामुळे तिथे तो आपोआप चालत नाही. शिवाय बऱ्याच देशांत स्थानिक वैमानिक स्थानिक भाषेत बोलतात, आणि ज्या युनिटसाठी ती भाषा अधिकृतपणे आवश्यक ठरवली आहे तिथे इंग्रजीसोबत तिचीही नोंद परवान्यावर लागते. पाचवी पातळी इंग्रजीची असून तिथे उपयोग नाही.

पडून राहिल्यास काय होते, याचे उत्तर नियमातच आहे. विद्यार्थी परवाना मिळाल्यापासून एका वर्षात युनिटचे प्रशिक्षण सुरू झाले नाही, तर प्रारंभिक प्रशिक्षणाची मान्यता असलेल्या संस्थेकडून तुमच्या कौशल्याचे पुन्हा मूल्यमापन करून घ्यावे लागते आणि त्यात जे कमी आढळेल ते पुन्हा शिकावे लागते. म्हणजे परवाना रद्द होत नाही, पण त्याला गंज चढतो. तुमच्या हिशेबाने चार महिने उरले आहेत.

देशांविषयी थोडक्यात. अमेरिकेचा विचार सोडून द्या: तिथे नागरिकत्व लागते, वयाची ३१ वर्षे पूर्ण होण्याआधी अर्ज लागतो आणि बहुतेकांचे प्रशिक्षण त्यांच्याच ओक्लाहोमा सिटीच्या अकादमीत होते. कॅनडात नागरी हवाई नियंत्रण १९९६ पासून नॅव्ह कॅनडाकडे आहे. ती संस्था नवोदितांना स्वतः निवडते आणि स्वतः घडवते, तुमच्या आधीच्या अभ्यासक्रमाला तिथे वजन नाही. ऑस्ट्रेलियात तिथली सरकारी संस्था एअरसर्व्हिसेस परदेशातून माणसे घेते, पण ती आधीच रेटिंग असलेली, कामावर असलेली. नवोदितांसाठी मेलबर्नची अकादमी आहे आणि तिथे प्रवेशाला वास्तव्याचा हक्क लागतो. आखातात परदेशी नियंत्रक मोठ्या संख्येने आहेत, मीही होतो, परंतु मला जे करारपत्र मिळाले त्यात अप्रोच रडारचे चालू रेटिंग आणि पाच वर्षांचा अनुभव या दोन्ही अटी होत्या.

त्यामुळे तुमचा दुसरा प्रश्न मी असा बदलेन की, तुम्हाला कायद्याने काम करण्याचा हक्क कोणत्या देशात आहे? पहिला अर्ज तिथेच करायचा, मग तिथे सगळे शिक्षण पुन्हा पहिल्यापासून घ्यावे लागले तरी.

मागच्या खुर्चीतून

रात्रपाळी यांनी नियमांची बाजू नीट मांडली आहे. मी प्रशिक्षक आणि मूल्यमापक म्हणून काम करते, आणि बाहेरून आलेल्या अनुभवी नियंत्रकांना नव्या युनिटमध्ये रुळवणे हा माझ्या कामाचा मोठा भाग आहे. त्यामुळे थोडे वेगळ्या बाजूने लिहिते. प्रश्नकर्त्याला हे आज लागू नाही, पण पुढे होईल.

लोकांची समजूत अशी असते की आकाश सगळीकडे सारखेच, म्हणून काम सारखेच. वास्तविक जे हाताच्या सवयीत मुरलेले असते तेच अडचणीत आणते. एक अनुभवी गृहस्थ आमच्याकडे निवडचाचणीला आले होते, अमेरिकी पद्धतीत तयार झालेले, हात अतिशय जलद. टॉवरच्या सिम्युलेटरवर पंचेचाळीस मिनिटांचा सराव होता. अंतिम मार्गावर दोन विमाने एकामागोमाग होती, आणि पहिले अजून धावपट्टीच्या उंबरठ्यावर पोचलेही नव्हते तोच त्यांनी मागच्याला सांगितले, ‘दुसरा क्रमांक, उतरण्यास परवानगी.’ अमेरिकेत हे रोजचे आहे. पुढचे विमान वेळेत धावपट्टी मोकळी करील असा अंदाज बांधून तशी परवानगी देता येते. इकाओच्या पद्धतीत मात्र पुढचे उतरणारे विमान उंबरठा ओलांडेपर्यंत मागच्याला ती परवानगी देत नाहीत. त्यांनी ते वाक्य इतक्या सहजपणे उच्चारले की आपण काही वेगळे बोललो हे त्यांच्या ध्यानीही आले नाही. सराव संपल्यावर मी ध्वनिमुद्रण ऐकवले तेव्हा ते बराच वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, ‘हे मी गेली अकरा वर्षे दिवसाला पन्नास वेळा बोलतो आहे.’

अशी उदाहरणे पुष्कळ देता येतील. अमेरिकेत ३० सप्टेंबर २०१० पर्यंत धावपट्टीवर येऊन थांबण्यासाठी ‘पोझिशन अँड होल्ड’ म्हणत. उर्वरित जगात ‘लाइन अप अँड वेट’ रूढ होते. त्या आधी शिकलेल्यांच्या तोंडून जुना शब्द अजूनही निसटतो. हवेचा प्रमाण दाब तिथे पाऱ्याच्या इंचांत, २९.९२, इतरत्र बहुतेक ठिकाणी हेक्टोपास्कलमध्ये, १०१३. स्थानिक दाबावर मोजलेल्या उंचीवरून फ्लाइट लेव्हलवर, म्हणजे प्रमाण दाबावर मोजलेल्या पातळीवर, जाण्याची सीमा उत्तर अमेरिकेत १८,००० फूट आहे, तर ब्रिटनच्या बऱ्याच भागात ३,००० आणि लंडनभोवती ६,०००. मागच्या विमानाला किती अंतरावर ठेवायचे हे ठरवणारे वजनाचे वर्गसुद्धा सगळीकडे एक नाहीत. ब्रिटनमध्ये तर नियंत्रित क्षेत्राबाहेर चार निरनिराळ्या सेवा आहेत, आणि वैमानिकाने त्यांपैकी कोणती मागितली यावर तुमची जबाबदारी बदलते. बाहेरून आलेल्या माणसाला हा प्रकार पहिले काही आठवडे अक्षरशः चक्रावून टाकतो.

निवडचाचणीत आम्ही काय पाहतो, हेही सांगते. वेग पाहत नाही. सरावातला नकली वैमानिक एखादा आदेश जाणूनबुजून चुकीचा परत म्हणतो: तुम्ही ‘वन वन झिरो’ ही उंचीची पातळी दिली असेल तर तो ‘वन झिरो झिरो’ म्हणतो, आणि नेमके त्याच क्षणी शेजारच्या सेक्टरचा फोन वाजवला जातो. फोन उचलणारे बरेच असतात. ‘निगेटिव्ह’ म्हणून आधी पातळी दुरुस्त करणारे आणि मग फोन उचलणारे थोडे. ज्याला ही चूक ऐकू येत नाही त्याला ती शिकवून येत नाही, असे माझे मत झाले आहे. सहकाऱ्यांपैकी काहींना ते टोकाचे वाटते.

इंग्रजीबद्दल एवढेच की, पातळी चार किमान आहे आणि तिची चाचणी दर तीन वर्षांनी द्यावी लागते, पाचची दर सहा वर्षांनी. पाच असणे चांगले, परंतु मुलाखतीत ते कुणी मोजत नाही. आणीबाणीत ठरावीक वाक्ये संपतात तेव्हा तुम्ही साध्या भाषेत काय विचारता, हे मोजतात. १९९० मध्ये न्यूयॉर्कजवळ आव्हिआंका या कोलंबियाच्या विमान कंपनीचे ५२ क्रमांकाचे विमान इंधन संपून पडले. इंधन कमी असल्याचे वैमानिकांनी सांगितले होते, परंतु नियंत्रकांना ‘आणीबाणी’ हा शब्द सांगितला गेला नव्हता. तेव्हा खुर्चीत तुम्ही असता, तर पुढचा प्रश्न कोणता विचारला असता?

नवशिका

दोघांचेही मनापासून आभार. रात्रपाळी, ‘अजून परवानाच नव्हे’ हे वाक्य वाचून त्रास झाला, पण सतरा अर्जांचे कोडे त्याने सुटले.

एक उपप्रश्न आहे. त्याच संस्थेने मला कळवले आहे की माजी विद्यार्थ्यांना अप्रोच रडारच्या रेटिंगचा अभ्यासक्रम सवलतीत करता येईल, आणि दोन रेटिंग असलेल्या उमेदवाराला आखातात अधिक संधी आहे. वर्षाची मुदत संपण्याआधी मी तो करावा का? निर्णय या आठवड्यात कळवायचा आहे.

मागच्या खुर्चीतून

करू नका. तेही रेटिंग विद्यार्थी परवान्यावरच चढेल आणि तेही वर्षभर युनिटची वाट पाहील. आज एक कागद गंजतो आहे, मग दोन गंजतील. निर्णय या आठवड्यातच हवा, असे जे शिक्षणाच्या बाबतीत सांगतात त्यांच्याविषयी मी वेगळे काही लिहीत नाही.

दुसरी फेरी

मी बराच काळ नुसता वाचक आहे, परंतु हा प्रश्न माझाच असल्यासारखा वाटला म्हणून लिहितो. सुमारे बारा वर्षांपूर्वी मीही असाच, दुसऱ्या देशात टॉवरचे रेटिंग शिकून, अनुभव नसलेला परवाना घेऊन घरी बसलो होतो.

पहिली दीड वर्षे मी तुमच्यासारखेच अर्ज केले. नंतर एका प्रशिक्षण केंद्रात नकली वैमानिकाची नोकरी मिळाली, म्हणजे वर उल्लेख आलेला तो चुकीचे परत म्हणणारा माणूस. काम दुय्यम आहे, पगार बेताचा, आणि त्या तासांनी रेटिंग जिवंत राहत नाही, हे स्पष्ट सांगतो. परंतु दिवसाचे सहा तास मी शिकाऊ नियंत्रकांचे आदेश ऐकत होतो. कोण कुठे अडखळतो, रहदारी वाढली की कोणाचे वाक्य लांबते, हे मला पाठ झाले. काही ठिकाणी छोट्या विमानतळांवर फक्त माहिती देणारी सेवा असते. तिथे परवानगी किंवा आदेश द्यायचे नसतात, वाहतुकीची आणि हवामानाची माहिती द्यायची असते. त्या जागेसाठी वेगळी पात्रता लागते, पण माइकवर खऱ्या वैमानिकांशी बोलण्याची सवय होते. तुम्हाला काम करण्याचा हक्क असलेल्या देशात यांपैकी काही उपलब्ध आहे का, ते पाहा.

शेवटी ज्या देशात मला हक्क होता, तिथल्या नेहमीच्या निवडप्रक्रियेतून मी नवखा म्हणून दाखल झालो. पहिल्या दिवशी वर्गात फळ्यावर धावपट्टीची आकृती काढून ‘याला डाउनविंड लेग, म्हणजे वाऱ्याच्या दिशेने उडण्याचा टप्पा, म्हणतात’ असे सुरू झाले तेव्हा मला रडू यायचे बाकी होते. पुढे लक्षात आले की माझ्या आधीच्या शिक्षणातले निम्मे मला नव्या पद्धतीने पुन्हा शिकावे लागत होते आणि उरलेल्या निम्म्यामुळे मी वर्गात इतरांच्या पुढे होतो. टॉवरचे चेकआउट, म्हणजे युनिटमधले अंतिम मूल्यमापन, झाले, सहा वर्षे काम केले आणि मग परदेशात अर्ज केला. त्या वेळी एकोणीस दिवसांत उत्तर आले.

त्या टप्प्यावरची एक गोष्ट इथे नोंदवून ठेवतो, कारण मी तिथे जवळजवळ घसरलो होतो. करार मिळाला म्हणून मी जुन्या नोकरीचा राजीनामा लगेच देणार होतो. एका ज्येष्ठ सहकाऱ्याने अडवले. इकाओच्या निकषात, जास्तीत जास्त सहा महिने काम थांबले की रेटिंग वैध राहत नाही. युरोपात तर युनिटच्या एंडॉर्समेंटसाठी ९० दिवसांपेक्षा अधिक सलग खंड चालत नाही. नव्या देशाची व्हिसाप्रक्रिया, पार्श्वभूमीची चौकशी आणि वैद्यकीय तपासणी यांत माझे सात महिने गेले. आधी राजीनामा दिला असता तर ज्या ‘चालू रेटिंग’वर करार मिळाला होता, तेच रेटिंग नव्या देशात पोचेपर्यंत संपले असते. हातचे सोडून पळत्याच्या मागे लागणे म्हणजे काय, ते या व्यवसायात दिनदर्शिकेवर मोजता येते.

करारात मी आणखी दोन गोष्टी वाचायला शिकलो. नव्या युनिटमध्ये चेकआउट झाले नाही तर काय? प्रशिक्षणाचे जादा तास मिळतात का, कमी वर्दळीच्या दुसऱ्या युनिटमध्ये संधी मिळते का, की करार संपतो आणि त्यासोबत व्हिसाही? अनुभवी माणसेसुद्धा नव्या युनिटमध्ये नापास होतात. माझ्यासोबत चौघे दाखल झालो होतो, तिघे टिकलो. जो परत गेला तो आमच्यात सर्वांत ज्येष्ठ होता, आणि मुलांच्या शाळेचे प्रवेश आधीच घेऊन आला होता. दुसरी गोष्ट म्हणजे प्रशिक्षणाचा खर्च वसूल करण्याचे कलम: किती वर्षांच्या आत सोडले तर किती भरावे लागेल, आणि नापास झाल्यास ते लागू होते की नाही. हे तोंडी सांगितले जाते तेव्हा नेहमी सौम्य वाटते.

रात्रपाळी

दुसरी फेरी यांच्या लेखनाला एक पुरवणी. वैद्यकीय तपासणी नव्या देशाच्या निकषांनुसार पुन्हा होते, आणि जुने प्रमाणपत्र वैध असले तरी ते तिथे पुरावा म्हणून धरतीलच असे नाही. युरोपात तिसऱ्या वर्गासाठी रंगदृष्टी पूर्णपणे सामान्य लागते. काही देश मात्र रंगदोष असला तरी पर्यायी चाचणीवर मार्ग काढून देतात. माझ्या ओळखीचे एक नियंत्रक बारा वर्षे निर्धोक काम करून याच एका कारणाने अडकले. ज्यांना हलक्या रंगदोषाची शंका आहे, त्यांनी अर्जाआधी ही तपासणी स्वतःहून करून घ्यावी.

पार्श्वभूमीच्या चौकशीसाठी निदान गेल्या पाच वर्षांत जिथे जिथे राहिलात त्या प्रत्येक देशाचे पोलीस प्रमाणपत्र आणि शिक्षण किंवा नोकरीतील प्रत्येक खंडाचा हिशेब लागतो. नवशिका, तुम्ही ज्या देशात शिकलात तिथले प्रमाणपत्र आत्ताच मागवा. पत्ता बदललेला, व्हिसा संपलेला, बँक खाते बंद झालेले, अशा अवस्थेत दोन वर्षांनी ते मागवणे फार जिकिरीचे होते.

त्याच सुमारास तिथल्या नियामकाकडे तुमच्या परवान्याच्या पडताळणीविषयीही विचारून ठेवा. नवा देश तुमच्या हातातल्या कागदावर विश्वास ठेवत नाही. तो एका नियामकाकडून दुसऱ्या नियामकाकडे थेट पत्र मागवतो, आणि त्या पत्रात तुमची रेटिंग, त्यांच्या तारखा आणि काही कारवाई झाली असल्यास तीही लिहिलेली असते.

नवशिका

संस्थेला नकार कळवला. त्यांनी सवलत आणखी वाढवली आहे, तरीही नकार कायम ठेवला.

मला काम करण्याचा हक्क असलेल्या देशात नवोदितांची पुढची निवडप्रक्रिया कधी आहे याची चौकशी केली. वयोमर्यादेत मी अजून एक वर्ष आणि दोन महिने बसतो, म्हणजे फार तर दोन संधी. पोलीस प्रमाणपत्राचा अर्ज काल केला. नकली वैमानिकाच्या जागेसाठी एका केंद्राला लिहिले आहे, आणि तिथून मात्र दोन दिवसांत फोन आला. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला की ‘तुम्हाला जाणूनबुजून चुका करता येतात का?’

मी हो म्हणालो. सोमवारी सरावासाठी बोलावले आहे.

मागच्या खुर्चीतून

एकच सूचना. चूक दर वेळी एकाच जागी करू नका. तिसऱ्या दिवशी शिकाऊ मुले ती ओळखतात, आणि मग ऐकणे थांबवतात.